स्विच बदलला, पण पंखा फिरेना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी बरीच वर्षं घरोघरी जाऊन वायरिंग केलं, आता इलेक्ट्रिकच्या दुकानाच्या काउंटरवर उभा असतो. "काल बटण नेलं, बसवलं, पण पंखा काही फिरेना" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की त्याची उत्तरं एकदा लिहूनच ठेवावीत असं वाटलं. बोलणं चाललंय ते आपल्या घरांतल्या साध्या छताच्या पंख्याबद्दल: २३० व्होल्टचा पुरवठा, भिंतीवर बोर्ड, बोर्डावर स्विच आणि रेग्युलेटर.

सुरुवात कुठून करू?

स्विच का बदलला होता, ते आठवण्यापासून. गंमत नाही करत. यात दोन अगदी वेगळी प्रकरणं आहेत.

पहिलं: पंखा छान फिरत होता. स्विच ढिला झाला, चरचरायला लागला किंवा रंगकाम काढलं तेव्हा बोर्डच नवा घेतला, म्हणून तुम्ही तो बदलला. आता पंखा बंद आहे. म्हणजे दोष तुमचा हात जिथे फिरला तिथेच आहे, त्या वीतभर बोर्डात. शिडी लावायचीही गरज नाही.

दुसरं: पंखा बंद पडला, म्हणून तुम्ही स्विच बदलला. इथे बहुतेक वेळा जुना स्विच बिचारा निर्दोष होता. नव्याची चौकशी करून काही हाती लागणार नाही. रेग्युलेटर, कंडेन्सर (मोटरला फिरायची दिशा देणारा छोटा भाग) आणि पंख्यावरची जोडणी, या तिघांकडे बघा.

माणूस स्विचच आधी का बदलतो? कारण तो हाताच्या उंचीवर असतो. पंख्यापाशी जायचं तर शेजाऱ्याकडून घोडा मागून आणावा लागतो.

बोर्ड उघडण्याआधी नक्की काय काय बंद करायचं?

मेन स्विच किंवा त्या खोलीचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका). आणि घरात इन्व्हर्टर असेल तर इन्व्हर्टरही. हे दुसरं लोक विसरतात. लोडशेडिंगच्या काळापासून आपल्याकडे दिवे आणि पंखेच इन्व्हर्टरवर घेतलेले असतात. मेन पाडलं की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो इमानेइतबारे तुमच्या हातातल्या त्याच वायरीत करंट सोडतो. इन्व्हर्टरच्या पुढचं बटण बंद करा, त्याला बायपास (मेनचा करंट थेट पुढे सोडणारा खटका) असेल तर तोही बघा. मग बोर्डावरचे सगळे पॉइंट चालू करून पाहा. काहीही पेटलं नाही, की मग स्क्रू काढा. प्लेट निघाल्यावर प्रत्येक टोकाला टेस्टर लावा. तो टेस्टर पाच मिनिटांपूर्वी चालू सॉकेटवर पेटवून तपासलेला हवा. मेलेला टेस्टर कधीच पेटत नाही आणि माणसाला खोटा धीर देतो.

न उघडता बघण्यासारखं काही आहे का?

आहे, आणि त्यातच काही जणांचं काम होतं.

रेग्युलेटर शून्यावर नाही ना? हसू नका. नवा मॉड्युलर रेग्युलेटर बसवताना तो शून्यावर येतो आणि तसाच राहतो. थेट पाचवर टाका.

बोर्डावरची बाकीची बटणं एकेक करून दाबा. दिव्याची वायर पंख्याच्या स्विचला आणि पंख्याची दिव्याच्या स्विचला गेली असेल, तर भलत्याच बटणावर पंखा फिरायला लागेल.

बोट दाबून धरलं तेवढा वेळच पंखा फिरतो आणि बोट काढलं की थांबायला लागतो, असं होतंय का? मग तुम्ही स्विच नाही, बेल पुश आणलाय. मॉड्युलरमध्ये दोन्ही दिसायला जुळे भाऊ. बेल पुशवर घंटेचं छोटं चित्र असतं, एवढाच काय तो फरक. दुकानात गर्दीच्या वेळी माझ्या हातूनही असा गेलेला आहे.

पंखाच नाही, शेजारचा दिवा आणि सॉकेटही बंद पडलं. असं कसं?

ही तर चांगली बातमी, कारण दोष कुठे आहे ते जवळजवळ पक्कं कळतं. बोर्डात फेजची (करंट घेऊन येणारी) वायर प्रत्येक स्विचला वेगळी येत नाही. ती एका स्विचवर येते आणि तिथून छोट्या तुकड्याने पुढच्यावर, तिथून त्याच्या पुढच्यावर जाते. याला लूप म्हणतात. म्हणजे मधल्या स्विचच्या एकाच स्क्रूखाली दोन वायरी असतात, एक आलेली आणि एक पुढे गेलेली. नवा स्विच लावताना त्यातली एक निसटून मागे राहिली, की तिथून पुढचं सगळं थंड. दोन्ही वायरींची तांब्याची टोकं एकत्र पीळ देऊन एकाच टर्मिनलमध्ये घाला आणि स्क्रू आवळल्यावर दोन्ही वेगवेगळ्या ओढून बघा.

पुढच्या वेळी जुना स्विच सोडवण्याआधी मोबाईलवर एक फोटो काढा. आमच्या काळी ही सोय नव्हती, आम्ही वायरींना दोऱ्याच्या गाठी मारायचो.

जुन्या स्विचला दोन स्क्रू होते, नव्याला तीन आहेत. कुठे काय लावू?

तुम्ही टू-वे स्विच आणलाय, जिन्यात खाली-वर लावतात तो. चालतो, फक्त टर्मिनल बरोबर निवडावे लागतात. मधला स्क्रू कॉमन. एक वायर मधल्याला आणि दुसरी कडेच्या कुठल्याही एका स्क्रूला लावायची. बरेच जण मधला मोकळा सोडून दोन कडांना दोन वायरी लावतात, कारण ते नजरेला नीटनेटकं दिसतं. पण त्या दोन कडा आतून एकमेकींना कधीच भेटत नाहीत. स्विच कितीही खालीवर करा, पंखा ढिम्म. मधली आणि कडेची धरून लावल्यावर पंखा फिरला, पण बटण उलट्या बाजूला चालू व्हायला लागलं, तर कडेची वायर दुसऱ्या कडेला न्या.

याच्या उलटही होतं. पंखा दाराजवळून आणि पलंगाजवळून, दोन्हीकडून चालू-बंद व्हायचा आणि तुम्ही एका जागी साधा दोन स्क्रूंचा स्विच बसवला. मग पलंगाजवळचा स्विच एका ठराविक स्थितीत असेल तरच दाराजवळचा चालेल. तिथे टू-वेच हवा.

वायरी बरोबर जागी आहेत, स्क्रूही घट्ट आहेत. तरी नाही.

आता चष्मा लावा आणि टॉर्च घ्या. स्क्रू घट्ट आहे हे खरं, पण तो कशावर घट्ट आहे? सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच: वायर इतकी थोडी सोललेली असते की स्क्रूचं टोक तांब्यावर न बसता लाल प्लॅस्टिकवर बसतं. वायर ओढून पाहिली तर हलत नाही, म्हणून संशयही येत नाही. काढून बघितलं की लाल वेष्टणावर स्क्रूचा गोल खळगा उमटलेला दिसतो आणि पुढचं तांबं कोरंच्या कोरं. साधारण ८ ते १० मिलिमीटर सोला. वायर एक किंवा दीड स्क्वेअर मिलिमीटरची असेल तर टोक दुमडून दुहेरी करा आणि मग घाला.

दुसरी जागा याहून छुपी. जुनी वायर कडक झालेली असते. बोर्ड बाहेर ओढताना ती वाकते आणि आतलं तांबं तुटतं, वेष्टण मात्र अखंड. दोन बोटांत धरून टोकाकडून मागे हलकेच वाकवत जा. जिथे ती एकदम लुळी पडेल, तिथे तुटलेली आहे. जुन्या इमारतींत ॲल्युमिनियमच्या वायरी असतात, त्यांचं तर बोलायलाच नको. सोलताना ब्लेडचा एक चरा पडला की दोन वळणांत तुकडा हातात. ॲल्युमिनियम दिसलं तर स्वतः पुढे जाऊ नका, वायरमनला बोलवा.

नवा स्विचच खराब असण्याची शक्यता मी मुद्दाम शेवटी ठेवली. असं होतं, पण क्वचित. मल्टिमीटर बीपवर ठेवून स्विचच्या दोन टोकांना लावा, चालू केल्यावर वाजला पाहिजे. मीटर नसेल तर सगळं बंद करून स्विचच्या दोन्ही वायरी थेट एकमेकींना जोडा, वरून टेप गुंडाळा आणि मेन चालू करा. पंखा फिरला तर दोषी स्विच. घेताना आयएसआयची खूण आणि आयएस ३८५४ हा क्रमांक बघून घेतला असेल तर ही वेळ सहसा येत नाही.

टेस्टर तर पेटतोय. म्हणजे करंट येतोय ना?

फेज येतोय, एवढंच त्यावरून कळतं. पंखा फिरायला फेज आत जावा लागतो आणि न्यूट्रलमधून परत यावा लागतो. टेस्टरला त्या परतीच्या वाटेचं काही कळत नाही. शिवाय तो भोळा आहे. शेजारून जाणाऱ्या वायरीमुळे तुटलेल्या वायरीतही थोडा व्होल्टेज उमटतो आणि टेस्टर मिणमिणतो.

वायरमन लोक म्हणून टेस्ट लॅम्प बाळगतात: होल्डर, त्यात साधा पिवळा बल्ब आणि दोन वायरी. एक टोक स्विचमधून बाहेर निघणाऱ्या वायरीला, दुसरं न्यूट्रलला. सॉकेटकडे समोरून बघताना मोठं भोक वर असेल तर उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल असायला हवा. बल्ब लख्ख पेटला तर स्विचपर्यंत सगळं ठीक. मग तोच लॅम्प वर, छताला लागून असलेल्या वाटीतल्या पंख्याच्या जोडणीवर लावायचा. तिथे टेस्टर दोन्ही वायरींवर पेटतोय आणि बल्ब मात्र पेटत नाही, असं दिसलं तर न्यूट्रल तुटलाय. फेज पंख्याच्या गुंडाळीतून दुसऱ्या वायरीत उतरतो आणि पुढे जायला वाट नाही म्हणून तिथेच ताटकळतो.

ही तपासणी चालू करंटवर होते. हात थरथरत असेल तर करू नका.

रेग्युलेटर गेलाय हे कसं ओळखायचं?

फेज स्विचमधून रेग्युलेटरमध्ये आणि रेग्युलेटरमधून पंख्याकडे, अशी एका ओळीतली वाट असते. सगळं बंद करा, रेग्युलेटरच्या दोन्ही वायरी काढा, एकमेकींना पीळ द्या, टेप लावा, मेन चालू करा. पंखा भरधाव फिरला तर रेग्युलेटर बाद. तो मिळेपर्यंत पंखा असाच पूर्ण वेगात चालवला तरी पंख्याचं काही बिघडत नाही.

एक खूण आधीच मिळते. एक, दोन, तीनवर पंखा मेलेला आणि पाचवर मात्र फिरतो. जुन्या मोठ्या डब्यासारख्या रेग्युलेटरमध्ये आत तारेचं वेटोळं असतं आणि पाच नंबर त्या वेटोळ्याला वगळून थेट जातो. तार तुटली की पाचच उरतो. नव्या स्टेप रेग्युलेटरमध्ये तारेच्या जागी कंडेन्सर असतात, पण पाचचं गणित तेच.

पंखा घुंघुं करतोय, पण फिरत नाही.

मग तुमचा स्विच शंभर टक्के चांगला आहे, तुम्ही तो उगाच बदललात. आवाज येतोय म्हणजे करंट मोटरपर्यंत पोचलाय.

आपल्या पंख्याच्या मोटरमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक रनिंग आणि एक स्टार्टिंग. नुसत्या एका गुंडाळीने चुंबकत्व जागच्या जागी धडधडतं, गोल फिरत नाही. स्टार्टिंगच्या वाटेत कंडेन्सर बसवलेला असतो. त्यामुळे तिच्यातला करंट थोडा आधी वर चढतो आणि त्या पुढेमागेपणामुळे पंख्याला दिशा मिळते. कंडेन्सर मेला की पंखा नुसता हुंकारतो.

खात्री करायला स्विच बंद करा, पात्याला हाताने हलका झोका द्या आणि लगेच खाली उतरून स्विच चालू करा. ज्या दिशेने ढकललं त्या दिशेने तो रेंगाळत फिरायला लागला, आणि दुसऱ्या वेळी उलटं ढकललं तर उलटाही फिरला, तर कंडेन्सर किंवा स्टार्टिंगची गुंडाळी. झोका दिल्यावर पातं जड जातंय, घासल्यासारखं वाटतंय, तर बेअरिंग. बहुतेक साध्या पंख्यांत ६२०२ आणि ६२०१ अशा दोन बेअरिंग असतात. त्या बदलायला पंखा खाली उतरवावा लागतो, ते दुकानात करून घ्या.

आणखी एक: गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज इतका पडतो की चांगला पंखाही एक नंबरवर सुटत नाही. पहाटे सुसाट आणि रात्री आठला मुका, असं असेल तर पंख्यात काही शोधू नका.

कंडेन्सर कुठला आणू? मोठा आणला तर वारा जास्त येईल का?

जुन्यावर जो आकडा छापलाय, तोच. घरगुती पंख्यात सहसा २.२५, २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरड असतो, दुकानात त्यालाच अडीच एमएफडी वगैरे म्हणतात. व्होल्टेज ४४० एसी. मोठा टाकला तर थोडे दिवस जोरात वाटेलही, पण गुंडाळी तापते आणि उन्हाळ्याच्या ऐन मध्यात पंखा रिवाइंडिंगला (गुंडाळी नव्याने भरायला) जातो. "जरा मोठाच द्या" असं म्हणणाऱ्याला मी देत नाही.

तो असतो मोटरच्या अगदी वर, दांड्याभोवतीच्या खालच्या वाटीत. दोनच वायरी असतात. काढल्यावर त्याची टोकं स्क्रू ड्रायव्हरने एकमेकांना टेकवून घ्या, साठलेला चार्ज असला तर तो जाईल. नवा लावताना कुठलं टोक कुठे याला महत्त्व नाही, पण मोटरच्या ज्या दोन जागांवर जुना होता त्याच जागांवर नवा गेला पाहिजे. वर चढलाच आहात तर दांड्याच्या बोल्टला स्प्लिट पिन आहे ना आणि तिचे पाय फाकवलेले आहेत ना, तेही बघून घ्या. मी पिनेऐवजी वाकवलेला खिळा घातलेले पंखे बघितलेत. खाली पाळणा.

नवा कंडेन्सर लावूनही घुंघुंच, तर तिन्ही वायरी सुट्या करून मीटरने गुंडाळी मोजा. कॉमनपासून (दोन्ही गुंडाळ्या जिथे जुळतात ती वायर) रनिंग आणि कॉमनपासून स्टार्टिंग, या दोन आकड्यांची बेरीज उरलेल्या जोडीच्या आकड्याइतकी यायला हवी. एखाद्या जोडीत मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटलीय.

आता फिरतोय, पण वाराच लागत नाही.

खाली उभं राहून बघा, बहुधा उलटा फिरतोय. कंडेन्सर लावताना फेजची वायर त्याच्या भलत्या टोकाकडे गेली, म्हणजे रनिंगचं काम स्टार्टिंगला आणि तिचं रनिंगला मिळालं. वायर जागेवर न्या. असाच चालवत राहू नका, त्या गुंडाळ्या सहसा सारख्या नसतात आणि पंखा तापतो.

स्विच दाबला की एमसीबी पडतो.

स्विचच्या बाहेरच्या टोकाला न्यूट्रल लागलाय. बोर्डात सॉकेटसाठी काळी वायर असते, ती सुटी दिसली म्हणून कुणीतरी स्विचला जोडते. पुन्हापुन्हा एमसीबी वर करून बघू नका, तो दर वेळी आतून थोडा भाजतो. एमसीबी न पडता आरसीसीबी (करंटची गळती ओळखून पडणारा खटका) पडत असेल तर कुठेतरी गळती आहे: ओली भिंत, पंख्याची गुंडाळी किंवा दुसऱ्याच सर्किटमधून उसना घेतलेला न्यूट्रल. कोकणात पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवरचा बोर्ड उघडला तर आत घाम आणि मुंग्या हमखास.

लाईट असताना पंखा चालतो, इन्व्हर्टरवर नाही.

इथे थांबा. तुमच्या बोर्डात दोन वेगवेगळे फेज आहेत, एक इन्व्हर्टरचा दिव्या-पंख्यासाठी आणि एक थेट मेनचा, मोठ्या सॉकेटसाठी. दोन्ही वायरी लाल असू शकतात. पंख्याचा स्विच तुम्ही मेनच्या लालला जोडलाय. तो सोडवून इन्व्हर्टरच्या फेजवर घ्यायचा, पण "दोन्ही लालच आहेत" म्हणून त्या कधीही एकत्र पिळू नका. लाईट परत आली की मेनचा पुरवठा उलटा इन्व्हर्टरमध्ये घुसतो आणि त्याचं आतलं सर्किट कार्ड जळतं. पन्नास रुपयांच्या स्विचपायी हजारोंचं नुकसान झालेलं मी एका नातेवाइकांकडे पाहिलंय.

आमचा पंखा रिमोटवाला आहे.

म्हणजे बीएलडीसी, ब्रशलेस डीसी मोटरचा. साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, हा २८ ते ३५. यात वरचं सगळं कंडेन्सर-पुराण लागू नाही. तीन गोष्टी बघा: स्विच चालू ठेवून रिमोटवरून पंखा चालू केलाय का, रिमोटचे सेल, आणि वाटेत जुना रेग्युलेटर राहिलाय का. रेग्युलेटर काढून वायरी थेट जोडा. आतल्या सर्किटला अखंड पुरवठा लागतो, गोल फिरवायच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने चिरलेला नाही.

स्विच बंद आहे, तरी पंखा पुसताना झिणझिण्या आल्या.

पंखा पुसणं बंद करा आणि मेन पाडा. एक तर स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसलाय, म्हणजे पंखा थांबतो पण फेज वर मोटरमध्ये उभाच असतो. जुन्या वाड्यांत आणि हौशी कामांत हे सापडतं. किंवा गुंडाळी बॉडीला टेकलीय आणि अर्थिंग नाही. दोन्ही कामं वायरमनची.

घरच्या घरी स्विच बदलणं कायद्याला चालतं का?

चालतं. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतल्या ४५व्या नियमाने वायरिंगचं काम परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घेण्याचं बंधन घातलं, पण दिवे, पंखे, फ्यूज, स्विच अशा वस्तूंची क्षमता किंवा स्वरूप न बदलता केलेली अदलाबदल त्यातून वगळली. २०१० च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांतही ती मुभा राहिली. नवा पॉइंट काढणं, भिंत फोडून वायर ओढणं यात येत नाही.

स्विच चांगलाच निघाला. दुकानदार परत घेईल का?

टर्मिनलच्या स्क्रूवर पेचाचे ओरखडे असतील तर नाही. मीही घेत नाही. डब्यात टाकून ठेवा. आणि जुना फेकला नसेल तर तोही ठेवा, बहुधा तो चालतच असेल.